पॅरिसचं सिते बेट एका सकाळीत: क्रम काय ठेवावा?

प्रश्न
सोबत सत्तरीचे आई-बाबा, आईचे गुडघे दुखतात. सिते बेटासाठी (इल द ला सिते) एकच सकाळ आहे. सेंत शापेल हे चॅपेल (छोटं चर्च), नोत्र दाम कॅथेड्रल आणि काँसिएर्जरी हा जुना राजवाडा-तुरुंग यांतलं आधी काय बघावं आणि काय सोडावं?

उत्तर १
सेंत शापेल आधी. सकाळी नऊचं, वेळ ठरलेलं तिकीट ऑनलाइन काढा. तरी तपासणीची रांग चुकत नाही, कारण हे चॅपेल न्यायालयाच्या आवारात आहे. चाकू, कात्री, काचेची बाटली हॉटेलवरच ठेवा.

आत शिरताच लागतं ते बुटकं खालचं चॅपेल. तिथे फार रेंगाळू नका. वर जायला अरुंद गोल जिना आहे. आईंसाठी लिफ्ट मिळते, पण दारावरच्या कर्मचाऱ्यांकडे मागावी लागते. वर रंगीत काचांच्या १५ खिडक्या, त्यांत १,११३ प्रसंग! दाराकडे पाठ केली की डाव्या हाताची पहिली खिडकी विश्वाच्या उत्पत्तीची. तिथून प्रदक्षिणेच्या दिशेने चाला, बहुतेक खिडक्या खालून वर वाचा. वरचे प्रसंग नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत, छोटी दुर्बीण हवीच. शेवटच्या खिडकीत फ्रान्सचा राजा नवव्या लुईने ख्रिस्ताचा काटेरी मुकुट आणल्याची कथा आहे. त्या मुकुटासाठीच हे चॅपेल उभं राहिलं (१२४८).

उत्तर २
आणि तोच मुकुट आता नोत्र दाममध्ये आहे, म्हणून दुसरा क्रमांक तिचा. २०१९च्या आगीतून तो वाचला. कॅथेड्रलला प्रवेश फुकट आहे. आरक्षणही फुकट, पण सक्तीचं नाही. अधिकृत संकेतस्थळावर एक-दोन दिवस आधीच मिळतं. प्रवेशाचे म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. मनोऱ्यांचं तिकीट वेगळं आणि पायऱ्या ४२४, ते सोडाच.

उत्तर ३
काँसिएर्जरी सोडा, बेटाचं पश्चिम टोक सोडू नका. पाँ नफ या पुलावर राजा चौथ्या हेन्रीच्या पुतळ्यामागून जिना व्हेर गालाँ बागेत उतरतो. बाग पुलापेक्षा सुमारे ७ मीटर खाली आहे. बेटाची मूळ पातळी तीच, बाकीचं बेट शतकानुशतकं भर पडून उंचावलं. हे तिथे उभं राहिल्याशिवाय पटत नाही. सेन नदी फुगली की बाग बुडते आणि बंद करतात, म्हणून आधी पुलावरून डोकावून बघा. बाबा खाली जाऊन येईपर्यंत आईंना प्लास दोफिन या चौकातल्या बाकावर बसता येईल, पुतळ्यासमोरच आहे.