सोसायटीच्या सभेत ‘चिंकी’ म्हटलं, तर तिथल्या तिथे बोलावं का?

तळमजला:
पुण्यातली तीस-चाळीस फ्लॅटची सोसायटी धरा. सभेत ठराव येतो : नॉर्थ-ईस्टच्या आणि आफ्रिकन पोरांना फ्लॅट द्यायचे नाहीत. मांडणारा ‘चिंकी’, ‘काळे’ म्हणतो, चारजण हसतात. माझं मत, तिथेच बोलायचं. भाषण नको, दोन वाक्यं पुरे : ‘शब्द मागे घ्या. आणि ठरावाला माझा विरोध नावानिशी इतिवृत्तात घ्या.’ दुसरं वाक्य राहिलं तर ‘सर्वानुमते मंजूर’ असं छापून येतं, आणि त्या सर्वांत तुम्हीही असता.

जुना सचिव:
असहमत. चाळीस घरांत लिफ्टमध्ये रोज तोंड दिसतं. भर सभेत टोकलेला माणूस शब्द मागे घेत नाही, अब्रूचा प्रश्न करतो. राग निघतो तो भाडेकरूवर : करार ११ महिन्यांचा, मालकाने नूतनीकरण केलं नाही की विषय संपला. कारण सांगावं लागत नाही. त्यापेक्षा अध्यक्षांना आदल्या दिवशी एकटं गाठा आणि ठराव अजेंड्यावरून काढायला लावा.

नियमावली:
गाठा, पण उपविधी (सोसायटीचे नियम) हातात घेऊन. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागतच नाही. आठ दिवस आधी कळवायचं, लीव्ह अँड लायसन्सची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्क (फ्लॅट भाड्याने दिला की मालकाकडून घेतात ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही. परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवणं हे मालकाचं काम, कमिटीचं नव्हे. ‘ना-हरकत’ देत नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. तोंडी नकार घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेलात तर हात हलवत परत याल.

तळमजला:
आणि शिवीचं काय? अॅट्रॉसिटी लागते ना?

नियमावली:
घोळ इथेच होतो. २०१२मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना तसं कळवलं होतं, पण तो कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरता. नागा, मिझो विद्यार्थी त्यात बसतो. मणिपूरचा मैतेई सहसा नाही, नायजेरियन तर नाहीच. ‘तो इथल्या यादीत नाही’ असं पोलीस म्हणाले, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा २०२३चा निकाल दाखवा : संरक्षण मूळ राज्यापुरतं नाही. शिवाय अपमान लोकांच्या देखत झालेला हवा, बंद घरात नव्हे. म्हणून साक्षीदारांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. नुसत्या अपमानाचं कलम (भारतीय न्याय संहिता, ३५२) अदखलपात्र, पोलीस एनसीवर, म्हणजे नुसत्या नोंदीवर भागवतात. दिल्लीत मारहाण झालेल्या अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर २०१४मध्ये बेझबरुआ समितीने वंशद्वेषासाठी वेगळी कलमं सुचवली होती. नव्या संहितेतही ती आली नाहीत.

जुना सचिव:
म्हणजे मी म्हणतो तेच. कायद्याचा धाक तोकडा, समजूतच घालावी लागते. आणि काही तक्रारी खऱ्या असतात. रात्रीचा गोंगाट, स्वयंपाकाचा वास.

सुकट:
वास! २००७मध्ये दिल्ली पोलिसांनीच ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली होती, त्यात बांबूचे कोंब आणि अखुनी शिजवताना शेजाऱ्यांना त्रास देऊ नका असा सल्ला होता. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. आमच्याकडे बोंबील भाजले की तीन मजल्यांना कळतं, पण त्यासाठी कोणी ठराव मांडत नाही. (मांडतील, त्यांना कल्पना देऊ नका.)

तक्रार खरी की बहाणा, हे तपासायला सोपं आहे. वाक्यातून प्रांत आणि रंग काढा. ‘फ्लॅट ३०२, रात्री १२ नंतर स्पीकर’ हे उरतं. नोटीस मालकाला जाते, तीच कोणालाही गेली असती. ‘ही माणसं तशीच’ यातून काढल्यावर काही उरत नाही. एक मात्र सचिवांचं बरोबर : भाडेकरूचं नाव घेऊन बोलण्याआधी त्याला विचारा. खूपदा त्याला फक्त डिपॉझिट परत हवं असतं.

जुना सचिव:
ठीक, विरोध नोंदवा. पण अध्यक्षांना आधी कल्पना देऊन.

तळमजला:
आधी कल्पना दिली की तो ठराव ‘ऐनवेळचे विषय’मध्ये जातो. तोवर निम्मी माणसं चहा पिऊन घरी गेलेली असतात.