फिजिओ, मग नाटकांचं लायटिंग, मग सबटायटल्स... मुलाखतीत 'तुमच्याबद्दल सांगा' म्हणाले की काय सांगू?

भटकीवेल:
नमस्कार मंडळी, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. फिजिओथेरपीची डिग्री घेतली, थोडी प्रॅक्टिस पण केली, मग एका नाटकवाल्या ग्रुपसोबत लायटिंग करायला लागले आणि तिथेच रमले, पुढे ती कामं आटली तेव्हा घरी बसून सबटायटल्स करायला घेतली ती आजपर्यंत चालू आहेत. आता एका सॉफ्टवेअर कंपनीत अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टरची जागा निघालीये, म्हणजे अपंग लोकांना वेबसाइट नि अ‍ॅप नीट वापरता येतंय का ते तपासायचं. मनापासून हवीये. पण माझा रेझ्युमे बघितला की तीन वेगळ्या बायकांची कागदपत्रं चुकून एका फाइलीत लागल्यासारखी वाटतात. मागच्या एका मुलाखतीत समोरच्याने हसत विचारलं, "तुमचं नक्की ठरलंय ना?" नातेवाईकांचं तर विचारूच नका. फिजिओ आणि लायटिंग सरळ उडवून टाकू का?

टॅबवरटॅब:
अहो उडवताय काय! मी याच कामात आहे. वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी म्हणून जे डब्ल्यूसीएजी नियम आहेत (2.2 आवृत्ती, 2023 ची) ते एकदा उघडा आणि स्वतःला त्यात शोधा. स्क्रीनवर काहीही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखता कामा नये, कारण काही लोकांना त्याने फिट येऊ शकते, तुम्ही स्ट्रोब, म्हणजे भराभर लखलखणारे दिवे, वापरले असतील तर हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. अक्षरं आणि मागचा रंग यांच्यात किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट लागतो, मोठ्या अक्षरांना 3:1 चालतो. व्हिडिओला कॅप्शन्स हवीत, ती तर तुमची रोजची भाकरी. आणि ज्याचा हात थरथरतो त्याला बारीकसं बटन दाबताना काय होतं हे आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांनी फक्त वाचलंय, तुम्ही असे हात स्वतःच्या हातात धरलेत.
फक्त एवढ्यावर जाऊ नका. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, तो टाका, माउस बाजूला ठेवा, कुठलीही एक वेबसाइट नुसत्या कीबोर्डवर वापरून बघा आणि सापडलेले दोष नीट लिहून काढा, कुठे अडलं, कोणाला अडेल, कुठला नियम मोडला असं. तो कागद रेझ्युमेसोबत गेला की निम्मे प्रश्न आपोआप कमी होतात.

खुर्चीपलीकडे:
मुलाखती घेतो म्हणून सांगतो. 'तुमच्याबद्दल सांगा' म्हटलं की लोक कॉलेजपासून सुरू करतात आणि आजच्या तारखेला पोचेपर्यंत आमचं लक्ष उडालेलं असतं. तुम्ही उलटं करा, हे काम का हवंय तिथून सुरुवात, मग त्याला लागेल तेवढंच मागचं. फिजिओची एक ओळ, लायटिंगची एक, सबटायटल्सच्या चार. रेझ्युमेवर तारखा लपवून नुसती कौशल्यांची यादी देऊ नका, ती दिसली की आम्ही आधी तारखाच शोधतो. आणि 'ठरलंय ना' हा प्रश्न तुमच्या निष्ठेबद्दल कमी असतो, ही सहा महिन्यांत सोडून जाईल का एवढीच धास्ती असते, तेवढ्याचंच उत्तर द्या.

रिकामटेकडी:
एडवर्ड विटनची डिग्री इतिहासातली, नंतर फिजिक्सकडे वळला आणि 1990 मध्ये गणिताचं फील्ड्स मेडल घेतलं. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ नट झाले. बिनधास्त जा गं!

तिरकस:
विटन आणि लागू ही नावं प्रत्येक वेळी निघतात कारण ते पोचले, जे वळले आणि हरवले त्यांची यादी कोणी ठेवत नाही. तेव्हा हुरळून जाऊ नका, नव्या क्षेत्रात पगार बहुतेक नवख्याचाच मिळेल, ते गणित आधी मांडा.
दुसरं, वरच्यांनी सगळे धागे छान जुळवून दिलेत पण मुलाखतीत जणू हे सगळं पहिल्यापासून ठरवून केलं असा आव आणू नका, खोटं लगेच कळतं. लायटिंग आवडलं म्हणून केलं, एवढं म्हणायला काय जातंय? तुमच्या गोष्टीतला तोच भाग मला सगळ्यात खरा वाटला, तो कोणाच्या उपयोगाचा नसला तरी तुमचा आहे.

भटकीवेल:
किती लिहिलंत सगळ्यांनी! @टॅबवरटॅब, स्ट्रोब असला की आम्ही दारावर सूचना लावायचो, आणि तरी हे दोन कधी जोडून बघितलं नव्हतं. @तिरकस, टोचलं पण पटलं. नवख्याचा पगार चालेल, सबटायटल्स रात्री चालू ठेवता येतील. एकच राहिलं, कामं आटली तेव्हा मधे काही महिने मी काहीच करत नव्हते, ते कुठे बसवू?

खुर्चीपलीकडे:
बसवू नका, लिहा. लिंक्डइनवर 2022 पासून करिअर ब्रेक अशी वेगळी नोंदच करता येते. रेझ्युमेवर एक ओळ, विचारलं तर दोन वाक्यं, आणि मग लगेच त्या कीबोर्डवाल्या कागदाकडे वळा. तो झाला की इथे टाका, बघतो.