अँटिजेनीस: गाबिएनेत फळी फोडूनही सरसेनापतीला शत्रूच्या हवाली का केलं?

चौकस_पेठकर
सदाशिव पेठेतल्या आमच्या इतिहास मंडळात पुढचा विषय आहे अलेक्झांडरनंतरची भाऊबंदकी. माझ्या वाट्याला अँटिजेनीस आलाय, 'रुपेरी ढाली' या मॅसेडोनियन पायदळाचा सेनापती. त्याच्या कारकिर्दीचे कोणते टप्पे घेऊ? आणि टेबलावर ठोकळे मांडून गाबिएनेची लढाई (आजच्या इराणातली) दाखवायची आहे, ती कशी मांडू? त्याच्या रुपेरी ढालवाल्यांनी समोरचं पायदळ उधळलं, मग आपल्याच सरसेनापतीला, युमेनीसला, बांधून शत्रूच्या, म्हणजे अँटिगोनसच्या, हवाली का केलं?

सारिसा
पोरसाविरुद्ध अँटिजेनीस पायदळाची तुकडी घेऊन होता, पण सुरुवात इजिप्तपासून करा. अलेक्झांडरनंतर साम्राज्याचा कारभार पाहणाऱ्या पर्डिक्कसने मेम्फिसजवळ नाईल उतरायचा हट्ट धरला, २,००० वर माणसं गेली. तेव्हा त्याला तंबूत मारणाऱ्यांत पाइथॉन आणि सेल्यूकस या सेनानींसोबत हाही होता. (साल इ.स.पू. ३२१ की ३२० हा वाद जुना आहे. एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.) मग त्रिपाराडेसोसला सेनापतींनी प्रांत वाटून घेतले, त्यात त्याला सुसियाना (सुसाभोवतीचा प्रांत) मिळालं, शिवाय सुसाचा खजिना आणायला ३,००० सगळ्यात बंडखोर मॅसेडोनियन. पुढे नवा कारभारी पॉलिपर्कॉन याने राजांच्या (अलेक्झांडरच्या वारसांच्या) नावाने हुकूम धाडला, म्हणून तो आणि ढालवाल्यांचा दुसरा सेनापती ट्यूटामस युमेनीसच्या हाताखाली आले. युमेनीस ग्रीक, त्यातून मूळचा चिटणीस. त्याचा हुकूम पाळणं दोघांना जड जात होतं. म्हणून युमेनीसने अलेक्झांडरचं रिकामं सिंहासन तंबूत मांडून त्यासमोर मसलती भरवल्या.

बाजारबुणगे
का दिलं, ते सामानात शोधा. या म्हाताऱ्यांची (ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो, बहुतेक सत्तरीचे) बायकापोरं आणि उभ्या हयातीची लूट छावणीत होती. छावणी रणांगणापासून जेमतेम किलोमीटरभर. जमीन खारवट, घोडे उधळले की धुळीने काही दिसेना. त्या आडून अँटिगोनसने मिडियन आणि टॅरेंटाइन (हलके भालाफेके) घोडेस्वार पाठवून सगळं उचललं. पानिपतावर बुणगे सांभाळताना काय हाल झाले ते आपल्याला सांगायला नको.

त्यात युमेनीसच्या बाजूचा क्षत्रप (सुभेदार) प्यूकेस्टास १,५०० स्वार घेऊन मागे सरला आणि युमेनीसची डावी बाजू उघडी पडली. युमेनीस म्हणत होता, पुन्हा लढू. क्षत्रपांना पूर्वेकडे माघार हवी होती. रुपेरी ढालवाल्यांना फक्त आपली माणसं परत हवी होती. बोलणी ट्यूटामसने लावली, म्हणून सगळं खापर अँटिजेनीसवर फोडू नका. अँटिगोनसने त्याला खड्ड्यात जिवंत जाळलं. ढालवाले अराकोशियात (आजचा दक्षिण अफगाणिस्तान) क्षत्रप सिबिर्टियसकडे गेले, हुकूम असा की थोडेथोडे जोखमीच्या कामी लावून संपवा.

चौकस_पेठकर
पण डायोडोरस म्हणतो, ढालवाल्यांनी ५,००० मारले आणि स्वतःचा एकही गमावला नाही? हे मंडळात कोण ऐकून घेईल?

सारिसा
'एकही नाही' सोडून द्या, ती फुशारकी. सैन्याचे आकडे मात्र घ्या. डायोडोरसचा आधार कार्डियाचा इतिहासकार हायरोनिमस आहे, आणि तो युमेनीसच्या छावणीतच होता. युमेनीस: पायदळ ३६,७००, घोडदळ ६,०००, हत्ती ११४. अँटिगोनस: २२,०००, ९,०००, ६५. हजाराला एक ठोकळा धरा. घोडदळाला वेगळा रंग द्या, नाहीतर अँटिगोनसचं वरचढपण दिसणारच नाही. युमेनीस डावीकडे, समोर अँटिगोनस आणि त्याचा मुलगा डेमेट्रियस. रुपेरी ढाली मधल्या फळीत. आणि छावणीचा ठोकळा आधीपासून टेबलावर हवा. ऐनवेळी ठेवलात तर चाल कुणाला कळणार नाही.