टॉमकॅट बदलल्यानंतरची डेटासोर्सची टक्कर : जेएमएक्स बंद करणे हा उपाय नव्हे

निळा_टर्मिनल
काल येथे 'रात्रपाळी' यांनी लिहिले की, टॉमकॅट ९ वर (जावा ॲप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरच्या नव्या आवृत्तीवर) गेल्यावर डेटासोर्सच्या, म्हणजे डेटाबेसशी जोडणी पुरवणाऱ्या घटकाच्या, नोंदणीत 'इन्स्टन्स ऑलरेडी एक्झिस्ट्स' (या नावाची नोंद आधीच आहे) ही त्रुटी आली, तर स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचे जेएमएक्स, म्हणजे चालू ॲप्लिकेशनवर बाहेरून नजर ठेवण्याची सोय, बंद करावे आणि विषय संपवावा. हे वाचून मला राहवले नाही. जेएमएक्स बंद केले, की डेटासोर्सवरची नजरही जाते आणि मूळ कारण तसेच राहते. एकाच जेव्हीएममध्ये (चालू जावा प्रक्रियेत) एकच नाव दोघांनी मागितले आहे, हे ती त्रुटी सांगते. कधी टॉमकॅटने आधीच नोंदवलेला जेएनडीआयचा पूल (सर्व्हरने नावाने पुरवलेला तयार कनेक्शनचा साठा) स्प्रिंग पुन्हा नोंदवू पाहते; कधी एकाच सर्व्हरवरची दोन वॉर (ॲप्लिकेशनची बांधलेली फाइल म्हणजे वॉर) 'डेटासोर्स' याच नावाने हिकारी या लायब्ररीचा पूल नोंदवतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक ॲप्लिकेशनला वेगळे जेएमएक्स डोमेन (नोंदीच्या नावाआधीचा भाग) दिले की काम भागते. पण हे दोघे कोण, ते आधी शोधायला हवे.

कारण न शोधता उपाय केले की काय होते, ते आमच्याकडे पाहा. आम्ही टॉमकॅट ६ वरून थेट ९ वर गेलो, तेव्हा कोणीतरी टॉमकॅटच्या सेटिंगची जुनी 'कॉन्फ' डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून आणली होती. टॉमकॅट ६ वॉरमधली कॉन्टेक्स्ट फाइल (हिच्यातच डेटासोर्सची व्याख्या असते) आपणहून 'कॉन्फ' मधल्या 'कॅटलिना/लोकलहोस्ट' मध्ये उतरवून ठेवत असे आणि तिथली फाइल वॉरमधल्या फाइलला मागे सारते. आम्ही वॉरमध्ये तीनदा दुरुस्ती केली, तीनदा नवे वॉर चढवले, तरी काही फरक पडेना. सकाळी दहाला कचेरी भरली की ॲप्लिकेशन गोठायचे. थ्रेड डंप, म्हणजे कोणता थ्रेड कुठे अडकला आहे त्याची यादी, काढला, तर झाडून सगळे थ्रेड पूलमधून कनेक्शन मिळण्याची वाट पाहत उभे. लॉगमध्ये एक इशारा पहिल्या दिवसापासून पडून होता : 'मॅक्सॲक्टिव्ह' (एका वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शन द्यायची ते) डीबीसीपी २ मध्ये, म्हणजे नव्या टॉमकॅटच्या पूल लायब्ररीत, वापरले जात नाही, 'मॅक्सटोटल' वापरा, त्याचे मूळ मूल्य ८ आहे. आम्ही लिहिलेले १०० कोणी वाचतच नव्हते.

रात्रपाळी
आपण दिवसा काम करता, म्हणून हे सुचते. पहाटे तीन वाजता, ३१ मार्च तोंडावर असताना, ग्राहकाचे चार जण फोनवर ताटकळत असताना 'हे दोघे कोण' हे शोधत बसायला मला कोणी वेळ दिलेला नाही. शिवाय स्प्रिंग बूटने २.२ पासून जेएमएक्स स्वतःच मुळात बंद ठेवले आहे. ते करणारे अडाणी आहेत का? आणि स्प्रिंगचे जेएमएक्स बंद केले, तरी टॉमकॅटने केलेली आपल्या पूलची नोंद तशीच राहते. आपण वाचकांना उगाच घाबरवत आहात.

डीबीए_सातारा
मुळात डेटासोर्स वॉरमध्ये असावाच का? पासवर्ड वॉरमध्ये टाकून ते गिटमध्ये ढकलणारे डेव्हलपर मी अठरा वर्षे पाहत आलो आहे. व्याख्या सर्व्हर.एक्सएमएल या टॉमकॅटच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये एकदाच करावी आणि ॲप्लिकेशनने रिसोर्सलिंकने (त्या व्याख्येकडे नावाने बोट दाखवणाऱ्या नोंदीने) ती घ्यावी. मग टक्कर उरतच नाही.

कोडकरी
उरत कशी नाही? व्याख्या सर्व्हरवर नेली, की डेटाबेस ड्रायव्हरचा जारही (जावा लायब्ररीची फाइल) सर्व्हरच्या 'लिब' मध्येच लागतो आणि नवा टॉमकॅट उभारताना तोच हमखास विसरला जातो. रिसोर्सलिंकमधले नाव एका अक्षराने चुकले, तर 'कनेक्ट यूआरएल नल' असा संदेश मिळतो आणि त्यावरून कोणाला काही कळत नाही. आमच्याकडे सर्व्हर.एक्सएमएलमधली एक ओळ बदलून घेण्यासाठी मी आठ दिवस तिकीट धरून बसलो होतो. पासवर्डचा धाक दाखवून आपण डेटाबेस सांभाळणारे लोक सगळ्या किल्ल्या कमरेला लावून फिरता.

डीबीए_सातारा
किल्ल्या आमच्याकडे आहेत, कारण रात्री उठून डेटाबेस आम्हीच सावरतो. आपल्याच एका सहकाऱ्याने चाचणीच्या वॉरमध्ये प्रत्यक्ष वापरातल्या (प्रॉडक्शन) डेटाबेसचा यूआरएल ठेवला होता आणि ग्राहकांच्या तक्त्यातल्या नोंदी पुसल्या गेल्या. आठ दिवस लागले याचे दुःख मला कळते. पण त्या रात्रीचे दुःख आपल्याला कळणार नाही.

कोडकरी
ते सहकारी माझे नव्हते. तरीही पासवर्ड वॉरमध्ये नसावा, एवढे मी मान्य करतो. त्यासाठी सर्व्हर.एक्सएमएललाच हात लावावा लागतो, हे मात्र मान्य नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ॲप्लिकेशनला बाहेरून दिलेली मूल्ये) त्याचसाठी असतात.

निळा_टर्मिनल
'रात्रपाळी', टॉमकॅटची नोंद राहते हा मुद्दा बरोबर आहे. जेएनडीआयच्या बाबतीत माझे म्हणणे मी तेवढ्यापुरते मागे घेतो. पण हिकारी वॉरच्या आत असेल, तर त्याची स्वतःची नोंदणी मुळात बंद असते. स्प्रिंगचीही बंद केली, की जेएमएक्समधून तो पूल दिसेनासा होतो. पहाटे तीनला बंद करा, माझी हरकत नाही. सकाळी दहाला तिकीट उघडून कारण शोधा, एवढेच माझे मागणे आहे. आणि पुढच्या वेळी 'कॅटलिना बेस' (आपल्या सेटिंगची डिरेक्टरी) आणि 'कॅटलिना होम' (टॉमकॅटच्या स्वतःच्या फाइलची डिरेक्टरी) वेगळे ठेवा, म्हणजे सर्व्हर बदलताना आपल्या फाइल कोणत्या आणि टॉमकॅटच्या कोणत्या, हा प्रश्नच पडणार नाही.

रात्रपाळी
आपला सूर मला आवडलेला नाही आणि माझा सल्ला चुकीचा होता असेही मी म्हणणार नाही. पण आज दुपारी मी 'कॅटलिना/लोकलहोस्ट' उघडून पाहिले. तिथे २०१६ सालची एक फाइल आहे आणि तिच्यात 'मॅक्सॲक्टिव्ह' आहे. आमचे वॉर तीच फाइल वाचत असावे. आज रात्री ती बाजूला काढून सर्व्हर पुन्हा चालू करतो.