प्रतिसाद: सीरम आणि प्लाझ्मा यांच्या आकड्यांत इतका फरक का?

एकाच व्यक्तीच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) टीजीएफ-बीटा १ (पेशींच्या वाढीवर परिणाम करणारं प्रथिन) भरमसाट आणि प्लाझ्मात (न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव) अगदी कमी येतंय, म्हणून तुम्ही प्रश्नात किटवर (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजणारा संच) शंका घेतली आहे. किट बदलण्याआधी नमुना कसा काढला ते बघा. रक्त गोठताना प्लेटलेट्स सक्रिय होऊन आतला साठा सोडतात आणि त्यांच्यात साठलेलं टीजीएफ-बीटा १, तसंच पीडीजीएफ, व्हीईजीएफ ही इतर वाढ-प्रथिनं सीरममध्ये उतरतात. रक्तात फिरणारी पातळी हवी असेल तर प्लाझ्माच घ्या, तोही प्लेटलेटविरहित: रक्त घेतल्यापासून 30 मिनिटांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये 1000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 1000 पट) वर 15 मिनिटं फिरवा, वरचा प्लाझ्मा तळाच्या थराला धक्का न लावता काढा आणि 2 ते 8 अंशांवर 10,000 जी ने पुन्हा 10 मिनिटं फिरवा. ही दुसरी फेरी टाळली तर उरलेल्या प्लेटलेट्स गोठवण-वितळवणीत फुटतात आणि आकडा खोटाच चढतो. म्हणून छोटे भाग करून ठेवा, एकदाच वितळवा.

दुसरं, टीजीएफ-बीटा १ बहुतांश सुप्त रूपात असतं. बहुतेक किटमधली अँटिबॉडी फक्त सक्रिय रूप पकडते. म्हणून नमुना 1 नॉर्मल (तीव्रतेचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्लाने 10 मिनिटं सक्रिय करून लगेच उदासीन करा आणि पीएच 7.2 ते 7.6 आहे ना, हे पट्टीवर तपासाच. आम्लता उरली तर अँटिबॉडी नीट बांधली जात नाही. या पायरीत नमुना जितका पातळ झाला तेही शेवटच्या गुणकात (वाचनाला ज्याने गुणायचं तो आकडा) धरायचं, ते हमखास राहून जातं.

सीरमचं वाचन प्रमाण-वक्राच्या (ज्ञात प्रमाणांवरून काढलेला संदर्भ आलेख) वर जात असेल तर वक्र ओढून लांबवू नका, नमुना आणखी विरल करून पुन्हा लावा.