‘एआय वापरायचं नाही’ म्हटलं, पुढे काय झालं? वर्गातल्या नियमांचे अनुभव लिहा

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात त्याची चाहूल लागायला पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडलं. मी एस.वाय.बी.कॉम.ला अर्थशास्त्र शिकवतो. पहिल्याच तासाला दम भरला, “चॅटजीपीटीचं उतरवलेलं दिसलं तर सरळ शून्य.” दिवाळीआधी असाइनमेंटचा गठ्ठा आला. निम्म्यांची सुरुवात ‘आजच्या गतिमान युगात’. एका पठ्ठ्याने तर शेवटची ओळसुद्धा टाइप करून आणली होती : ‘आपणास हवे असल्यास मी हेच उत्तर पाच मुद्द्यांत देऊ शकतो.’

वर्गात जाऊन आवाज चढवला. सगळे खाली माना घालून बसले. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली नि म्हणाली, “सर, गाइडमधून उतरवलेलं चालतं ना? मग यात वेगळं काय?”

मला उत्तर देता आलं नाही. घंटा झाली म्हणून सुटलो.

म्हणून हा धागा. तुम्ही नियम काय केलात ते लिहाच, पण मुलांनी ‘का?’ विचारल्यावर काय सांगितलंत तेही लिहा. फसलेले प्रयोग आधी आले तर उत्तम. विद्यार्थ्यांनीही लिहावं. कॉलेजांची नावं नकोत.

मराठीची प्राध्यापिका, मराठवाडा

टी.वाय.ला कवयित्रींवर प्रकल्प होता. तीन फायलींत एकच शोध लागलेला : बहिणाबाई चौधरी या तुकोबांच्या शिष्या! दोन बहिणाबाई एकीत एक कालवल्या होत्या. तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, निधन १७०० चं. जळगावजवळच्या असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० चा. मध्ये १८० वर्षं. आणि भाषा अशी ठाम, की वाचताना क्षणभर मलाच शंका यावी.

रागावले नाही. तो परिच्छेद फळ्यावर लिहिला आणि वर्गाला म्हटलं, यातली चूक काढा, मोबाइल वापरला तरी चालेल. वीस मिनिटं गेली. एकीने त्याच यंत्राला परत विचारलं, तर त्याने माफी मागून नवीनच घोळ घातला. शेवटी ग्रंथालयातून विश्वकोशाचा खंड आणला तेव्हा उलगडा झाला. नियम मला सांगावाच लागला नाही, वर्गानेच केला : नाव, साल आणि ओळ पुस्तकात दिसल्याशिवाय फायलीत जाणार नाही.

पुढच्या सत्राला जात्यावरच्या ओव्या गोळा करायला लावल्या. एआयला विचारा, बंदी नाही; पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं आणि आवाज रेकॉर्ड करून आणायचा. एका मुलाने आजीच्या ओव्यांबरोबर यंत्राने रचलेली ओवीही आणली. ती त्याने आजीलाच वाचून दाखवली होती. रेकॉर्डिंगमध्ये म्हातारी स्पष्ट म्हणते, “ही जात्यावर बसत न्हाई रं. दम कुठं घ्यायचा हिच्यात?” ओवीची लय दळणाऱ्या बाईच्या श्वासाशी बांधलेली असते हे मी दरवर्षी शिकवते, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही.

तोटाही सांगते. तपासायला दुप्पट वेळ लागला. आणि वसतिगृहातल्या दोघांना घरी कुणी म्हातारं नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींना गाठलं. सगळ्यांत जास्त ओव्या त्यांच्याच निघाल्या.

संगणक अभियांत्रिकी, विदर्भ

आमच्याकडे बंदी हा विनोद आहे. कंपनीत गेल्यावर पहिल्या दिवसापासून हेच वापरणार, हे पोरांनाही ठाऊक आहे. लॅबचा नियम एकच : कोड कुठूनही आणा, मी बोट ठेवीन ती ओळ पुसायची आणि माझ्यासमोर परत लिहायची. नाही जमली, तर तेवढं प्रॅक्टिकल पुन्हा.

पहिल्या दोन आठवड्यांत रडारड झाली. मग पोरं स्वतःच अवघड ओळी काढून सोपा कोड आणायला लागली. तेच तर मला हवं होतं. पहिल्या वर्षाला मात्र पहिलं सत्र पूर्ण बंदी ठेवतो. ‘का’ विचारलं तर सांगतो, लूप कुठे अडकला हे ज्याला दिसत नाही त्याला यंत्राची चूकही दिसत नाही.

एम.ए. मानसशास्त्र, विद्यार्थिनी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठीत शिकले. इंग्रजी लिहिते ती व्याकरणाच्या पुस्तकातली : छोटी वाक्यं, ठरावीक शब्द. सेमिनारचा पेपर दिला. सरांनी तो कुठल्याशा फुकट डिटेक्टरमध्ये (मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणारी प्रणाली) टाकला आणि वर्गासमोर आकडा वाचला : ७८ टक्के एआय. मी कच्च्या वह्या दाखवल्या. म्हणाले, “नंतरही लिहिता येतात.”

विभागातल्या दुसऱ्या मॅडमनी गूगल डॉक्स उघडायला लावलं. त्यात आधीच्या आवृत्त्या दिसतात. अकरा दिवस पहाटे पाच ते सात मी काय खोडलं, काय परत लिहिलं, सगळं तारीखवार होतं.

नंतर शोधलं, तर माझ्यासारखे कितीतरी. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. आणि चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये, अचूकता कमी म्हणून, बंद करून टाकला होता. म्हणजे ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना ते ओळखता आलं नाही, आणि आमच्या सरांना दोन मिनिटांत आलं.

मला मार्क मिळाले. सरांनी चूक कबूल केली नाही. शिक्षकांनो, एवढंच करा : संशय आल्यावर पुरावा मागू नका, काय जपून ठेवायचं ते काम देतानाच सांगा.

सी.एच.बी.वाला

तासिका तत्त्वावर तीन कॉलेजं करतो. एका वर्गात १२० पोरं. वरचे प्रयोग वाचून आनंद झाला. ते करायला मला पगार आणि अजून एक जन्म द्या. मी वर्गातच अर्धा तास कागदावर लिहून घेतो, मोबाइल टेबलावर. झालं.

अवांतर : नॅकचा (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) अहवाल आमच्या स्टाफरूममध्ये कोण लिहितं, हे पोरांना माहीत आहे. मागे एकाने विचारलं, “सर, प्रश्नपत्रिका तुम्ही काढली का त्याने?” पाचातले दोन प्रश्न त्यानेच काढले होते. तसं सांगून टाकलं. त्या दिवसापासून वर्ग माझं जरा जास्त ऐकतो.

विधी महाविद्यालय, मुंबई

आम्हाला ‘का’ समजावायला फार कष्ट पडत नाहीत. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यातल्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. त्यांनी दाखल केलेले निवाडे चॅटजीपीटीने रचलेले होते, तसे खटले कधी झालेच नव्हते. ही गोष्ट पहिल्या तासाला सांगते. मग मूट कोर्टचा, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्याचा, नियम : मेमोरियलमधल्या (लेखी युक्तिवादातल्या) प्रत्येक निवाड्याचं पहिलं पान आणि परिच्छेद क्रमांक सोबत हवा. न्यायाधीशाच्या खुर्चीत मी बसते आणि फक्त “कुठला पॅरा?” विचारते. मुलांनी माझं नाव ‘कुठला पॅरा’ ठेवलंय.

अमेरिकेतून

इथे बहुतेक ठिकाणी प्रत्येक प्राध्यापक आपल्या सिलॅबसमध्ये आपला नियम लिहितो. ऐकायला छान, पण माझ्या एका विद्यार्थ्याला सकाळच्या वर्गात एआय म्हणजे गुन्हा आणि दुपारच्या वर्गात तेच सक्तीचं. मी नियम कामागणिक लिहितो, प्रश्नाच्या खालीच. सिलॅबसचं चौथं पान कुणी उघडत नाही.

डिटेक्टरबद्दल वर आलंय त्यात भर : व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्नइटिन या उचलेगिरी तपासणाऱ्या प्रणालीचा एआय डिटेक्टर बंद केला. त्यांचा हिशेब साधा होता. २०२२ मध्ये ७५ हजार पेपर त्या प्रणालीतून गेले. कंपनी म्हणते तसं चुकीचं बोट १ टक्क्यालाच दाखवलं गेलं असतं, तरी ते ७५० पेपर झाले असते.

बाहेरून एम.ए. करणारा, रात्रपाळी

माझ्यासाठी एआय म्हणजे शिकवणी. इंग्रजीतला उतारा टाकतो आणि म्हणतो, मराठीत समजावून सांग. उत्तर मी माझंच लिहितो. ‘अजिबात वापर नाही’ या नियमात हेही बसतं का, असं मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, “तेवढं चालेल, पण सगळ्यांना सांगू नकोस.” हा कसला नियम?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सी.एच.बी.वाल्या मित्राचा टोला लागला, आणि रात्रपाळीवाल्याचा जास्त.

त्या मुलीचं उत्तर राहिलं होतं. या जूनमध्ये नव्या वर्गाला मी आधी तेच सांगितलं : गाइड उतरवलेलं चालत नव्हतंच, आम्ही डोळेझाक करत होतो, कारण तपासायचा आम्हालाही कंटाळा. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग हशा पिकला.

आता महागाईवरची असाइनमेंट अशी : आठवडी बाजारात जाऊन कांदा, तूरडाळ आणि तेलाचे भाव चार आठवडे लिहायचे, विकणाऱ्याला भाव का वाढला ते विचारायचं, मग तोच प्रश्न एआयला. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर कुणाचं पटलं आणि का. समजून घ्यायला एआय कितीही वापरा, हे प्रश्नाखालीच छापलंय. शेवटी तीन ओळी : काय विचारलं, काय ठेवलं, काय खोडलं.

पहिला गठ्ठा परवा आला. वरच्याच वहीत बाजाराचे भाव सुरेख, तेलवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा लिहिलेलं. खालच्या तीन ओळींच्या जागी एकच ओळ : ‘काही विचारलं नाही, वाडीवर रेंज नव्हती.’