लेडीज सायकलचा दांडा

कुणीतरी लिहिलंय की लेडीज सायकलला मधला दांडा नसतो कारण बायकांना टांग टाकायला जमत नाही, हे मला अजिबात पटलं नाही. तो दांडा काढला १८८० नंतर युरोप-अमेरिकेत, तिथल्या बायकांच्या लांब घोळदार झग्यांसाठी, म्हणजे अडचण कपड्याची होती, बाईची नव्हे. आपल्याकडं कोल्हापुरात कावळा नाक्यावरच्या पुतळ्यात महाराणी ताराराणी घोड्यावर आहेत की, आणि काष्टा नेसलेली माझी आज्जी आजोबांच्या २४ इंची सायकलवर बिनधास्त टांग टाकायची, पदर कमरेला खोचलेला, हँडलला दुधाची किटली. आईच्या वेळेला पाचवारी गोल साडी आली आणि दांडा नडायला लागला. आता भाची जीन्स घालून दुकानात गेली तरी तिला तीच गुलाबी, बास्केटवाली दाखवली, तिला दांड्याची पाहिजे होती, पण कुणी विचारलंच नाही.